लाटेकमध्ये नवे संबंधचिन्ह: रचावे, जुळवावे की रेखाटावे?

लाटेक या गणिती मजकूर मांडण्याच्या संगणकप्रणालीत स्वतःचे संबंधचिन्ह (बरोबर किंवा उपसंच यांसारखे, दोन बाजूंचे नाते दाखवणारे चिन्ह) घडवण्याचा मार्ग निवडण्यापूर्वी दोन कसोट्या ठरवून घ्याव्यात: चिन्हाच्या दोन्ही बाजूंना बरोबरच्या चिन्हाइतकीच जागा सुटते का, आणि पादांकात (अक्षराच्या पायाशी लिहिलेल्या लहान मजकुरात) गेल्यावर ते आपोआप लहान होते का. पहिली कसोटी सोपी आहे. लाटेकच्या मुळाशी असलेली टेक ही प्रणाली संबंधवर्गातील चिन्हाभोवती 5 म्यू, म्हणजे एका क्वॉडच्या (फॉन्टच्या आकारावर ठरणाऱ्या रुंदीच्या एककाच्या) 5/18 इतकी, जागा सोडते आणि कोणतीही आकृती ‘मॅथरेल’ या आज्ञेत घातली की तिला तो वर्ग मिळतो. बहुतेकांची गाडी अडते ती दुसऱ्या कसोटीवर.

बरोबरच्या चिन्हावर प्रश्नचिन्ह ठेवण्यासारखे साधे काम असेल, तर ‘स्टॅकरेल’ किंवा ‘ओव्हरसेट’ पुरते. पादांकात दोन्ही नीट आकसतात. ‘स्टॅकरेल’ लाटेकमध्ये मुळातच असते आणि खाली काहीही असले तरी संबंधचिन्हच तयार करते. ‘ओव्हरसेट’साठी एएमएसमॅथ हे पॅकेज (जोड-आज्ञांचा संच) लागते, पण ते खालच्या चिन्हाचा वर्ग राखते, त्यामुळे अधिकच्या चिन्हावर काही ठेवले तर जागाही बेरजेला शोभेल अशीच सुटते, म्हणून माझा कौल त्यालाच. वर मराठी शब्द हवा असल्यास तो ‘टेक्स्ट’ आज्ञेत लिहावा आणि आखूड ठेवावा, कारण 10 पॉइंटच्या मजकुरात ती अक्षरे 7 पॉइंटची होतात.

उपसंचाच्या चिन्हाच्या पोटात टिंब हवे असेल, तर मात्र रचून भागत नाही. दोन चिन्हे एकाच जागी छापावी लागतात आणि ते काम ‘ऊअलाइन’ करते. अडचण अशी, की त्याच्या आत गणित नव्याने सुरू होते, म्हणून बाहेर पादांक असला तरी आतले चिन्ह पूर्ण आकाराचेच राहते. त्यावर उपाय ‘मॅथपॅलेट’: ते चालू गणिती शैली, म्हणजे चिन्ह मुख्य ओळीत आहे की पादांकात ही माहिती, आतल्या रचनेपर्यंत पोहोचवते. व्याख्या दिसायला किचकट आहे, पण ती प्रस्तावनाभागात (दस्तऐवजाच्या मजकुराआधीच्या आज्ञांच्या भागात) एकदाच लिहायची असते. नेमक्या याच टप्प्यावर कंटाळा करू नये.

टिक्झ या आकृत्या काढण्याच्या पॅकेजने रेखाटलेले चिन्ह आकाराबाबत हवे तितके स्वातंत्र्य देते, परंतु रेषेची जाडी फॉन्टशी स्वतः जुळवावी लागते आणि पीडीएफमधून ते अक्षर म्हणून उचलता येत नाही. दुसरा कोणताही मार्ग उरला नसेल तरच तिकडे वळावे.

आणि ‘≔’ हवे असेल, तर यातले काहीच करू नये. अपूर्णविराम (:) आणि बरोबर शेजारी टंकले की ठिपके किंचित खाली बसतात. मॅथटूल्स या पॅकेजमधील ‘कोलनइक्क’ (\coloneqq) ही आज्ञा ते मध्यरेषेवर आणते.