चेंबरमध्ये न उतरण्याचे शिक्षण

यंत्रमागावरचे माझे काम सुटल्यानंतर मी बेळगावातील एका स्वयंसेवी संस्थेच्या सहा आठवड्यांच्या मोफत प्रशिक्षणास नाव घातले. कचरा वर्गीकरण, गटारे आणि सेप्टिक टँकची यंत्राने सफाई, तसेच सुरक्षा असे विषय होते. बीपीएल कार्ड असलेल्यांनाच प्रवेश होता. आमच्या चोवीस जणांत वडगाव-खासबागचे विणकर, खानापूरकडचे मजूर आणि धुणीभांडी करणाऱ्या पाच बायका होत्या.

पहिला आठवडा ओला-सुका कचरा वेगळा करण्यात गेला. ते काम त्या पाच जणी शिक्षकापेक्षा चांगले जाणत होत्या, त्यामुळे हा भाग दोन दिवसांत आटोपता आला असता. एका दुपारी बेळगावजवळच्या तुरमुरीचा कचरा प्रकल्प दाखवला, तोही धावतपळतच.

प्रशिक्षणाचे खरे मोल चौथ्या आठवड्यात कळले. गटाराचे चेंबर उघडल्यावर आत कंदील सोडून पाहायचा, ही विहिरीवरून आलेली रीत आमच्यापैकी अनेकांना ठाऊक होती. ती इथे जीवघेणी का ठरते, हे शिक्षकांनी नीट समजावले: कंदील विझला तर प्राणवायू कमी आहे एवढेच कळते, विषारी वायूचा पत्ता लागत नाही, आणि आत मिथेन साचलेला असेल तर त्याच ज्योतीने स्फोट होतो. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतो आणि मिथेन हलका असल्यामुळे वर चढतो, म्हणून वायुमापक मीटर दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी अशा तिन्ही ठिकाणी आकडा पाहावा लागतो. मोकळ्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो, तो १९.५ च्या खाली दिसला की चेंबरपासून मागे सरायचे. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांसारखा वास अगदी थोड्या वायूनेही येतो, पण प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास गेले की नाक बधिर होते आणि वायू ओसरला असे वाटते. पहिला पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. म्हणून अंगभर बांधायचा सुरक्षा पट्टा, चेंबरवर उभी करायची तिपाई आणि वरून ओढायची दोरी हाताशी असल्याखेरीज झाकणालाही हात लावायचा नाही, असे आमच्याकडून रोज वदवून घेतले गेले.

एवढा महत्त्वाचा वायुमापक मीटर चोवीस जणांत एकच होता आणि माझ्या हाती तो दोनदाच आला. अमेरिकेत प्रदूषित जागांलगतच्या गरीब वस्त्यांतील लोकांना अशा कामांसाठी तयार करण्याकरिता तिथली पर्यावरण संस्था १९९८ पासून अनुदान देते. घातक कचऱ्याच्या जागेवर नियमित काम करणाऱ्यास तिथे ४० तासांच्या शिक्षणानंतर तीन दिवस देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करावे लागते. आमच्या वाट्याला प्रात्यक्षिकाची एकच सकाळ आली. हातमोजेही एकाच मापाचे, बायकांच्या हातातून निसटणारे. विद्यावेतन दीड महिना उशिरा मिळाले. रोजंदारी सोडून आलेल्या घरात दीड महिना किती लांबतो, हे संस्थेला कळायला हवे होते.

भाषेबद्दलही लिहिले पाहिजे. शिकवणे कानडीत, पुस्तिकाही कानडीत होती. बोलणे आम्हांला कळते, वाचणे अनेकांना जमत नाही. कानडीत ‘अपाय’ म्हणजे धोका आणि ‘अनिल’ म्हणजे वायू. आमच्या एका सोबत्याला ‘विषानिल’ हे कुणाचे तरी नाव वाटले, तेव्हा वर्ग हसला खरा, पण धोक्याच्या फलकावरचा शब्द असा चुकीचा कळून चालणार नाही. पुढे शिक्षकांनी मराठीत समजावायला सुरुवात केली, हे त्यांचे सौजन्य.

कायद्याचा तास छोटा असला तरी उपयोगी होता. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, पहिल्या खेपेस दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि अशा कामात मृत्यू झाल्यास ३० लाखांची भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले आहे.

नोकरीच्या बाबतीत संस्थेने एका ठेकेदाराचा फोन नंबर दिला, त्यापलीकडे काही केले नाही. मी त्याला भेटलो, प्रमाणपत्र दाखवले आणि मीटर व तिपाई कोण देणार, असे विचारले. त्याने प्रमाणपत्र परत दिले आणि कळवतो म्हणाला. त्याला आता तीन आठवडे झाले.