लाइफटाइम वॉरंटीत 'नवीन' मिळालेला रॅचेट नकली निघाला, गोव्यातल्या गॅरेजवाल्यांनी वाचा

चांगल्या कंपनीचे पाने, सॉकेट सेट, रॅचेट (नट फिरवायचं दातेरी हँडल) विकत घेतलेत आणि "तुटलं तर काय, लाइफटाइम वॉरंटी आहे, दुकानात नेऊन टाकायचं" असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी लिहितोय. कंपनीनं मला फसवलं नाही हे आधीच सांगतो, कंपनी उलट सरळ वागली. फसवलं ते मधल्या दुकानानं, आणि ते पण असं की रॅचेट रोज हातात धरणारा माणूस नसतो तर मला जन्मात कळलं नसतं. दुकानाचं नाव घेत नाही कारण तक्रार चालू आहे. उत्तर गोव्यात आहे, मोठं आहे, पुढच्या काचेत इम्पोर्टेड टूल्स मांडून ठेवलेली असतात, एवढं पुरे.

माझं गॅरेज डिचोली-साखळीकडे. पूर्वी टिपरची कामं असायची, २०१२ ला खाणी बंद पडल्या, मग सुरू होऊन २०१८ ला परत बंद, तेव्हापासून आमच्याकडे पिकअप, रिक्षा आणि किनाऱ्यावरच्या रेंटवाल्यांच्या स्कूटर हेच मुख्य. धंदा बारीक झाला पण टूल मात्र मी चांगलंच घेतो, स्वस्तातला पाना नटाचे कोपरे खातो आणि मग तो गोल झालेला नट काढायला दुपार जाते.

तर माझा रॅचेट. अर्धा इंची ड्राइव्ह, ७२ दात्यांचा, दोनेक हजारांचा, बिल आणि डबा दोन्ही जपून ठेवलेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रॅचेटच्या डोक्यात एक दातेरी चक्र असतं आणि त्या दात्यांत अडकणारा एक छोटा तुकडा, त्याला पॉल म्हणतात, मागून स्प्रिंग त्याला दाबून धरते. एका दिशेला तो अडकतो म्हणून नट फिरतो आणि उलट्या दिशेला दात्यांवरून टिकटिक करत सरकतो. माझ्या रॅचेटचा पॉल तुटला, म्हणजे जोर लावला की हँडल कडक्कन घसरायचं आणि बोटं चॅसिसवर. दांडा लांब करायला त्याच्यावर पाइप घालून जोर दिलेला नव्हता, दांडा सरळ होता, कुठे वाकलेला नाही की पाइपचा गोल वळ नाही. हे मुद्दाम सांगतोय, पुढे कामाला येणार आहे.

लाइफटाइम वॉरंटीबद्दल पण लोकांचे गैरसमज आहेत. ती बनावटीच्या दोषाला असते, झिजेला नाही. पान्याला पाइप लावला, पान्यानं हातोडीचं काम केलं, पावसात बाहेर टाकून गंज खाल्ला (आपल्याकडे तर खारी हवा, पावसाळ्यात रात्रीत तांबूस होतं) तर कंपनी नाही म्हणू शकते आणि ते बरोबरच आहे. टॉर्क रेंच (नट ठरावीक जोरानं आवळायचा पाना) तर बहुतेक कंपन्या लाइफटाइममध्ये धरतच नाहीत, त्याला ठरावीक मुदत असते आणि वर वर्षातून एकदा किंवा ५,००० वेळा वापरल्यावर, जे आधी होईल तेव्हा, कॅलिब्रेशन, म्हणजे माप बरोबर आहे का त्याची तपासणी, करून घ्यायचं असतं. पण रॅचेटचा पॉल, दांडा धड असताना, साध्या बोल्टवर तुटतो तेव्हा वॉरंटी मागणं हा हक्क आहे.

दुकानात गेलो. काउंटरवरचा माणूस एकदम गोड. "मेस्त, भिवपाची गरज ना, कंपनीक धाडटां, नवो येतलो." (मिस्त्री, घाबरायची गरज नाही, कंपनीला पाठवतो, नवा येईल.) मी म्हटलं पावती द्या, तर त्यानं वहीतलं पान फाडून लिहून दिलं, 'रॅचेट १ नग रिपेर'. मी म्हटलं कंपनीचं नाव लिही, साइज लिही, वॉरंटी क्लेम असं लिही, तर म्हणे ते सगळं कॉम्प्युटरात जातं, मेस्त, हे फक्त तुमच्या आठवणीसाठी. जुन्या बिलाचा फोटो त्यानं काढून घेतला, माझा नंबर पण घेतला, त्यामुळे मला वाटलं खरंच कुठेतरी चढवतोय. आणि गंमत म्हणजे तो खरंच चढवत होता, सगळी मेख तिथेच होती, ते नंतर कळलं.

मग सुरू झालं फाल्यां, म्हणजे उद्या. फोन केला की फाल्यां, तिकडून जाताना डोकावलं की फाल्यां. चवथ (गणेश चतुर्थी) आली, म्हणे चवथीत कुरिअर बंद. चवथ गेली, म्हणे माल बेळगावात अडकलाय. मी तोवर शेजारच्या गॅरेजवाल्याचा रॅचेट मागून मागून काम चालवतोय, तो पण वैतागला, माणसाला आपलं हत्यार दुसऱ्याला द्यायला आवडत नाही आणि त्यात चूक काही नाही.

एक दिवस दुकानवाल्याचाच फोन. "मेस्त, कंपनीनं रिजेक्ट केलंय, पाइप लावून वापरलाय म्हणतात." मी म्हटलं दांडा बघ, कुठे वाकलाय दाखव. तर लगेच पलटी, "दुसरं पण कारण आहे, तुमचं गॅरेज म्हणजे कमर्शियल वापर, त्याला वॉरंटी नाही." मेकॅनिकचं टूल मेकॅनिकनं वापरलं तर वॉरंटी जाते, मग हे रॅचेट काय देवघरात ठेवायला विकतात काय? मी चिडलो तसा तो मऊ झाला. म्हणे थांबा, एरिया मॅनेजर माझ्या ओळखीचा आहे, मी बोलून नवीन पीस काढून देतो, पण तुम्हाला कुरिअरचे ३५० आणि नवीन मालावरचा १८ टक्के जीएसटी म्हणजे ३६० एवढे भरावे लागतील.

ही चाल नीट लक्षात घ्या. आधी 'नाही' म्हणायचं, माणसाला दोन हजार बुडाले असं वाटू द्यायचं, मग उपकार केल्यासारखं सातशे-दहात सोडवायचं. माणूस वर त्याचे आभार मानतो. मी पण थँक्यू म्हणून आलो. पैसे त्यानं दुकानाच्या क्यूआरवर घेतले नाहीत, स्वतःच्या मोबाइल नंबरवर घेतले, आणि बिल मागितलं तर वॉरंटीच्या मालाला बिल नसतं म्हणाला. वॉरंटीच्या मालाला बिल नसतं पण जीएसटी असतो, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात देव जाणे.

नवीन रॅचेट आला. डबा तोच, नाव तेच, चकचकीत क्रोम. दोन-चार दिवस स्कूटरवर वापरला, काही वाटलं नाही. मग एका पिकअपचा स्टार्टर काढत होतो, वरच्या बोल्टला हात फिरवायला जागाच नसते, दांडा जेमतेम थोडासा हलतो. जुन्या रॅचेटनं हाच बोल्ट मी कितीतरी वेळा काढलाय, आणि हा नवीन पुढचा दाताच पकडेना. दांडा मागे नेतोय, पुढे आणतोय, बोल्ट जागच्या जागी. मला आधी वाटलं गंज आहे, डब्ल्यूडी (गंज सोडवायचा स्प्रे) मारलं, तरी तेच. मग बाहेर काढून कानाजवळ धरला आणि सावकाश फिरवला. आवाजच वेगळा. जुन्याचा कसा बारीक, भराभर टिकटिक, आणि हा आपला टक... टक... टक.

पूर्ण एक फेरा मोजला. ३६. डब्यावर छापलंय ७२. ७२ दाते असले की ५ अंशांवर पुढचा दाता मिळतो, ३६ असले की १० अंश हात हलवायला लागतो, आणि इंजिनच्या सांदीत तेवढी जागा नसते म्हणून तर आपण ७२ चा घेतो ना. हा फरक डोळ्यांनी दिसत नाही, दुकानात उभं राहून कळत नाही, पण फेरा मोजला की एका मिनिटात कळतो. मग बाकीचं पण दिसायला लागलं, दांड्यावरचं नाव जुन्यावर खोल ठोकलेलं होतं आणि याच्यावर नखानं पण जाणवत नाही, बॅच कोड नाहीच, डब्यावर इम्पोर्टरचा पत्ता नाही, महिना-वर्ष नाही, ग्राहकांसाठीचा नंबर नाही. पॅक केलेल्या मालावर हे सगळं छापायचं असतं, कायदाच आहे तसा, आणि नसेल तर आपल्या वजनमाप खात्याकडे तक्रार करता येते.

असला डुप्लिकेट ठोक बाजारात तीन-चारशेला मिळतो.

दुकानात जाऊन भांडलो नाही. घरी येऊन जुन्या डब्यावरचा कस्टमर केअर नंबर काढला. हे पण सांगून ठेवतो, नंबर डब्यावरून किंवा बिलासोबतच्या कागदावरून घ्या, गुगलवर शोधून पहिला दिसेल तो लावू नका, तिथे कंपनीच्या नावानं खोटे नंबर टाकून बसलेले असतात, ते फोनमध्ये अ‍ॅप घालायला लावतात आणि खातं साफ करतात. तसं कोणाचं झालं तर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन करा, जेवढं लवकर तेवढं बरं.

कंपनीच्या बाईंनी माझा मोबाइल नंबर विचारला, आणि म्हणाल्या, सर तुमचा क्लेम तर क्लोज झालाय. मी म्हटलं रिजेक्ट ना? नाही म्हणाल्या, मंजूर, रिप्लेसमेंट डीलरकडे पाठवली, पोचल्याची सही पण आहे. मी म्हटलं हे मला मेलवर द्या. मेल आला, त्यात तारीख होती. ती तारीख चवथीच्या आधीची. म्हणजे हा माणूस मला पाइप लावला, कमर्शियल वापर, माल बेळगावात असं सगळं सांगत होता तेव्हा माझा खरा रॅचेट कंपनीकडून फुकट येऊन त्याच्या दुकानात पडला होता किंवा विकला पण गेला होता. आता हिशोब करा. माझ्या बिलावर आणि माझ्या नंबरवर क्लेम करून दोन हजारांचा ओरिजिनल फुकट, तो एमआरपीला विकायचा, मला चारशेचा नकली, आणि त्या चारशेचे पैसे पण माझ्याकडूनच वर तीनशे-दहा नफ्यासकट. असा धंदा आठवड्यात दोन-तीन गिऱ्हाइकांशी जरी केला तरी दुकानाचं भाडं सुटेल.

मेलची प्रिंट घेऊन गेलो. मालक आतून आला, आधी म्हणे पोराची मिस्टेक, डबे बदलले. मी म्हटलं डबे बदलले तर जीएसटी कोणत्या डब्याचा घेतलात? २०२३ च्या जुलैमध्ये सरकारचं परिपत्रक निघालंय की वॉरंटीत पार्ट किंवा काम फुकट दिलं, गिऱ्हाइकाकडून काही घेतलं नाही, तर त्यावर जीएसटी लागत नाही, आणि पुढच्या वर्षी अख्खी वस्तू बदलून दिली तरी तेच असा खुलासा पण आला. हे मला माझ्या सीएकडच्या मुलानं सांगितलेलं, मी तसंच तिथे बोललो. मालकानं काचेतून ओरिजिनल पीस काढून दिला. मी तिथेच काउंटरवर फेरा मोजला, ७२. जीएसटीचे म्हणून घेतलेले ३६० दिले, कुरिअरचे ३५० नाही म्हणाला, कंपनी घेते. कंपनीच्या मेलमध्ये साफ लिहिलंय की डीलर ते कंपनी वाहतूक गिऱ्हाइकाकडून घ्यायची नाही.

नकली पीस मी परत दिला नाही. तो मागत होता, हात पुढे करून. तो पुरावा आहे, माझ्या कपाटात आहे.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार घातली आहे. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग, आपल्याकडे उत्तरेला एक आणि दक्षिणेला एक, वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील पाहिजेच असं नाही, दोन वर्षांच्या आत जायचं. आणि 'गॅरेज म्हणजे कमर्शियल, तुम्ही ग्राहकच नाही' असं कोणी तोंडावर फेकलं तर गप्प बसू नका, २०१९ च्या कायद्यात लिहिलंय की स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू धंद्यासाठी घेतली असं धरत नाहीत. कंपनीच्या वॉरंटी कार्डावर धंद्याच्या वापराची अट असू शकते, ती वेगळी, ती विकत घेतानाच वाचा, माझ्या कार्डावर नव्हती. बिल न देणं हा पण त्याच कायद्यात अनुचित व्यापार म्हणून मोडतो.

टूल द्यायच्या आधी बॅच कोडचा, दांड्याचा आणि तुटलेल्या जागेचा फोटो काढा, दुकानदाराच्या समोर काढा, त्याला दिसू दे. क्लेम शक्यतो स्वतः कंपनीला मेल करून घाला आणि क्लेम नंबर तुमच्याकडे येऊ दे, दुकान फक्त वस्तू पोचवायला. आणि 'रिजेक्ट झालं' असं कोणी सांगितलं तर तो कंपनीचा कागद दाखव म्हणा, तोंडी रिजेक्टला काही अर्थ नसतो.

साखळीतल्या एका टिपर मेकॅनिकला हे सांगितलं तर त्यानं आपला रॅचेट काढून माझ्यासमोर फिरवला, त्याच दुकानातून वॉरंटीत बदलून आणलेला. ३६. तो बिचारा वर्षभर तोच वापरतोय. माझ्या आतेभावाचा टॉर्क रेंच अजून त्याच दुकानात आहे, 'कॅलिब्रेशनला धाडलाय' म्हणतात, चिठ्ठीवर कंपनीचं नाव नाही. त्याच्या नावानं कंपनीला मेल टाकलाय, उत्तर आलं की इथेच खाली लिहितो.