नाइट साइट निवडताना: तीन ठिपके की एकच ठळक फ्रंट?

नाइट साइट, म्हणजे पिस्तुलावर अंधारात नेम धरायला लावलेली उजळ खूण, घ्यायची ठरली की पहिला वाद होतो ट्रिटियम (नळीत भरलेला, स्वतः उजेड देणारा किरणोत्सारी वायू) की फायबर ऑप्टिक (उजेड वाहून नेणारी दांडी) असा. तो लवकर मिटतो. फायबर स्वतः उजेड देत नाही, आजूबाजूचा उजेड गोळा करून टोकाशी आणतो. उन्हात त्याला तोड नाही, अंधारात मात्र तो विझलेलाच. शिवाय दांडी प्लॅस्टिकची, अ‍ॅसिटोन लागलं की गेली. दिवसाच्या स्पर्धांसाठी फायबर जरूर घ्या. अंधारासाठी ट्रिटियमच. टॉर्चने चार्ज होणारा चमकता रंग सुरुवातीला ट्रिटियमपेक्षाही उजळ दिसतो, पण लवकर उतरतो आणि होल्स्टरमध्ये त्याला उजेड मिळत नाही.

खरा निर्णय आहे तो ट्रिटियमच्या मांडणीचा: तिन्ही ठिपके (फ्रंट, म्हणजे नळीच्या टोकाकडच्या साइटवर एक, आणि रिअर, म्हणजे डोळ्याकडच्या खाचेच्या साइटवर दोन) उजळणारा सेट, की फक्त फ्रंटवर ट्रिटियम आणि रिअर पूर्ण काळी?

तीन ठिपक्यांच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. पूर्ण अंधारातही फ्रंट आणि रिअर दोन्ही कळतात, त्यामुळे १५ मीटर आणि त्यापुढे काळ्या रिअरपेक्षा गोळ्यांचा गट घट्ट बसतो. सवयीच्या मांडणीतून आलेल्याला काही नवं शिकावं लागत नाही.

माझं मन फिरलं ते एका खोडीमुळे. अंधारात स्लाइड (साइट बसवलेला पिस्तुलाचा वरचा भाग) दिसत नाही, खाचेच्या भिंती दिसत नाहीत, उरतात फक्त तीन ठिपके. त्यातले रिअरचे दोन डोळ्याला जवळ, म्हणून मोठे आणि उजळ. नजर फ्रंटवर हवी, ती मागेच अडकते. त्याहून वाईट म्हणजे पिस्तूल घाईत वर आणलं आणि नळी थोडी वर, थोडी डावीकडे गेली, तर फ्रंटचा ठिपका रिअरच्या डाव्या ठिपक्याच्याही बाहेर जाऊन बसतो. ठिपके तीनच, जवळपास एका ओळीत, सारख्या अंतरावर. चित्र बरोबर वाटतं आणि सात मीटरवर गोळी अर्धा मीटर सहज बाजूला जाते. दिवसा ही चूक लगेच कळते, कारण रिअरची कड समोर असते.

यावर रंग बदलण्याचा उपाय सांगतात: फ्रंट हिरवा, रिअर नारिंगी. मंद उजेडात डोळा ५०७ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्याच्या बाजूला, सर्वात तीक्ष्ण असतो, म्हणून नारिंगी फिका पडतो. फरक पडतो, पण मोजावे लागतात ते तीनच ठिपके. इंग्रजी 8 च्या आकड्यासारखी एकावर एक दोन ठिपक्यांची मांडणी याहून बरी, तिथे बाजू चुकायला वाव कमी.

माझ्या पिस्तुलावर आता काळी, दातेरी, यू खाचेची रिअर आहे आणि फ्रंटच्या ट्रिटियमभोवती रुंद नारिंगी कडं. दिवसा कडं दिसतं, रात्री हिरवा ठिपका. किंमत मोजावी लागते ती अशी: मिट्ट काळोखात फ्रंट अधांतरी वाटते, पकड पक्की नसेल तर लांबचा नेम सैल पडतो. पण मिट्ट काळोखात लक्ष्यही ओळखता येत नाही, टॉर्च लावावीच लागते. टॉर्च लागली की उजळलेल्या लक्ष्यापुढे दोन्ही साइट काळ्या छायाकृती होतात आणि ट्रिटियमचं काम संपतं. त्या क्षणी लागते ती रुंद खाच. टॉर्चविना, अंधारात, लांबवर नेमबाजी करणाऱ्यांनी तीन ठिपकेच ठेवावेत, हे मान्य.

पैसे घालण्याआधी तुमच्या तीन ठिपक्यांपैकी मागचे दोन पर्मनंट मार्करने काळे करून पाहा. नाही पटलं तर अल्कोहोलने पुसता येतात.

फ्रंट रुंद हवी की अरुंद, हे अंतरावर ठरवा. ३.६ मिमी रुंदीची फ्रंट हात ताणल्यावर २५ मीटरवर साधारण १२ सेंमी झाकते, ३.१ मिमीची १० सेंमी.

बसवताना पिस्तूल रिकामं आहे ना, मॅगझिन काढून आणि चेंबर बघून खात्री करा. रिअरला हातोडी लावू नका, साइट पुशर (साइट दाबून सरकवणारं अवजार) वापरा. ट्रिटियमची नळी काचेची असते, ठोक्याने फुटते. ग्लॉक पिस्तुलाच्या फ्रंटचा स्क्रू ३/१६ इंची षटकोनी असतो. तेल पुसून निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब पुरतो. जोर लावून आवळला तर स्क्रू तुटतो. उंची बदलायची असेल तर हिशेब सोपा: लक्ष्यावरची चूक गुणिले दोन साइटमधलं अंतर, भागिले लक्ष्याचं अंतर. साइट १५० मिमी अंतरावर आणि १५ मीटरवर गोळी ५ सेंमी खाली लागत असेल तर फ्रंट ०.५ मिमी बुटकी हवी.

घेताना साइटवर किंवा पाकिटावर निर्मितीचं साल असेल तर वाचा. ट्रिटियमचा अर्धायुकाल १२.३ वर्षं, म्हणजे चार वर्षं दुकानात पडून राहिलेल्या साइटचा पाचवा हिस्सा उजेड आधीच गेलेला असतो.