डिग्री पार्टीच्या गिफ्टमध्ये ३६,७५८ रुपये गेले, तुमचे तरी वाचवा

सध्या रिझल्ट लागतायत, पदवीदान चालू आहेत, प्रत्येक बॅचच्या ग्रुपवर पार्टी कुठे आणि गिफ्ट काय हेच चाललंय, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितेय. नाव कोरलेलं पेन, फोटो फ्रेम, ट्रॉफी, कॉफीचा मग, असलं काही ऑनलाइन पेजवरून घाऊक बनवून घेणार असाल आणि समोरचा अॅडव्हान्स मागत असेल तर आधी हे पूर्ण वाचा. ३६,७५८ रुपये गेलेत. माझे एकटीचे असते तर गप्प बसले असते कदाचित, पण हे बेचाळीस घरांतून जमा झालेले पैसे होते.

मुलाची बॅच पास झाली तेव्हा आम्ही पालकांनीच ठरवलं की एक संध्याकाळ हॉल घेऊन पोरांना जेवण द्यायचं आणि प्रत्येकाच्या हातात आठवण म्हणून काहीतरी ठेवायचं. डोई दीड हजार काढले, ६३,००० झाले. हॉल आणि केटरर दोघांनी बघितलं, गिफ्टचं माझ्या गळ्यात आलं. कोणी बॅग म्हणत होतं, कोणी पॉवर बँक, कोणी सरळ पाकीट द्या म्हणत होतं. शेवटी नाव कोरलेलं मेटलचं पेन आणि सोबत ५०० चं गिफ्ट कार्ड असं ठरलं, पोरं इंटरव्ह्यूला जाणार, खिशाला स्वतःच्या नावाचं पेन असेल आणि कार्डावर ज्याला जे हवं ते घेता येईल. आजही सांगते, गिफ्ट चांगलंच निवडलं होतं.

पेज सापडलं इन्स्टावर. फॉलोअर्स भरपूर, खाली कमेंट्स मराठीत, पत्ता पुण्याचा, बोलणारा मुलगा अगदी आदबीने "ताई, ताई" करत होता. पेन आणि बॉक्स मिळून ६४० ला एक, बेचाळीसचे २६,८८०, अर्धे अॅडव्हान्स म्हणून १३,४४० पाठवले. आता कोणी म्हणेल अॅडव्हान्स कशाला दिला, तर नाव कोरायच्या कामात कोणीच अॅडव्हान्सशिवाय हात लावत नाही, कोरलेला माल परत कोणाला विकणार? यांची सगळी चलाखी इथेच आहे बघा. माल परत घेता येत नाही हे आपल्यालाच पटलेलं असतं, आणि पार्टीची तारीख पक्की असते त्यामुळे घाई आपलीच असते. त्याला घाई करावीच लागत नाही.

पेमेंट करताना स्क्रीनवर दुकानाचं नाव नाही आलं, एका माणसाचं आलं. विचारलं मी, विचारलं नाही असं नाहीये. "प्रोप्रायटरचं अकाउंट आहे ताई, नवीन फर्म आहे, करंट अकाउंटचं काम चालू आहे." आमच्या वाण्याचा क्यूआर स्कॅन केला तरी त्याच्या बायकोचं नाव येतं, मग यात संशय काय घ्यायचा!

पण जे डोळ्यासमोर होतं आणि जे आठवून आजही अंगाचा तिळपापड होतो ते सॅम्पलचे फोटो. मुलाचं नाव दिलं आणि थोड्याच वेळात त्याच्या नावाचं पेन तयार होऊन फोटो आला. मी हरखले, ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी अंगठे दिले. दुसऱ्या एका आईने तिच्या मुलीचं मागितलं, तिलाही आला. दोन्ही फोटो आता शेजारी शेजारी ठेवून बघितले तर क्लिपच्या खाली तोच बारीक ओरखडा, टेबलावर तोच चहाच्या कपाचा गोल डाग, पेनावर उजेडाची रेघ त्याच जागी. आणि पेन गोल असताना नाव मात्र सपाट, पट्टीने ओढल्यासारखं सरळ. पेन एकच आहे, नाव फोनवर चिकटवलंय. ग्रुपवर एवढी माणसं होती, त्यात दोन इंजिनियर आणि एक बँकेतले साहेब, कोणाच्या लक्षात आलं? आणि आता तेच मला विचारतात की तुम्ही नीट बघितलं नाही का.

सॅम्पल मागाल तर फोटो घेऊच नका. व्हिडिओ मागा, पेन हातात धरून फिरवून दाखव म्हणा, बाजूला त्या दिवसाचा पेपर ठेव म्हणा. खरा कारागीर दोन मिनिटांत करतो.

मग गिफ्ट कार्ड. "ताई आम्हाला कॉर्पोरेट रेट आहे, १२ टक्के कमी," म्हणजे २१,००० ची कार्डं १८,४८० ला. घाऊक कार्डांवर सूट मिळते हे खरंच आहे म्हणून खटकलं नाही. पैसे गेल्यावर पीडीएफ आली, बेचाळीस कोड आणि खाली "बॅलन्स तपासा" अशी लिंक. मी तपासलं, एक एक टाकून, प्रत्येकावर ५०० दाखवत होतं! लिंकच त्यांची होती. कार्ड ज्या कंपनीचं आहे तिच्या अॅपमध्ये टाकल्यावर कळलं की असे कोड अस्तित्वातच नाहीत. कार्डाचा बॅलन्स फक्त आणि फक्त कंपनीच्या स्वतःच्या अॅपमध्ये बघायचा, आलेल्या लिंकवर कधीच नाही.

आणि शेवटचे ४,८३८. "ऑर्डर होल्डला गेलीय, १८ टक्के जीएसटी डिपॉझिट भरा, डिलिव्हरी झाली की परत." तोपर्यंत ३१,९२० अडकलेले होते, पार्टी तोंडावर, हे एवढे भरले की माल निघेल असं कोणालाही वाटलं असतं. जीएसटी बिलात लागतो, त्याचं गिऱ्हाइकाकडून वेगळं डिपॉझिट घेऊन परत करायची पद्धतच नाही. "रिफंडेबल" हा शब्द आला की फोन ठेवा. भरल्यावर तासाभरात नंबर बंद, पेजवर मी ब्लॉक.

त्याने बिल पाठवलं होतं, जीएसटी नंबर होता त्यावर. नंतर पुतण्याने जीएसटीच्या सरकारी साइटवर टाकून बघितला, त्याला लॉगिन वगैरे काही लागत नाही, फुकट आहे. नंबर खरा निघाला, पण गुजरातमधल्या एका टाइल्सवाल्याचा. त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल. नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७, आणि या बिलावर पत्ता पुण्याचा आणि नंबर २४ ने सुरू! नंबर खरा आहे एवढ्यावर थांबू नका, नाव जुळतंय का ते बघा.

आता ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांचं ऐका. १९३० हा सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर लागता लागेना, लागला तर माहिती देता देता कट, परत पहिल्यापासून. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार झाली, तक्रारीचा नंबर मिळाला, जीव भांड्यात पडला तर बँक म्हणाली पिन तुम्हीच टाकलाय ना मॅडम, मग व्यवहार तुमच्या संमतीचा आहे, रिझर्व्ह बँकेचा ग्राहकाला जबाबदारीतून सोडणारा नियम अनधिकृत व्यवहाराला लागतो, यात आम्ही काही करू शकत नाही. काही करू शकत नाही म्हणजे? ज्या खात्यात गेले ते खातंही कुठल्यातरी बँकेनेच केवायसी करून उघडलंय ना? ते कोणी तपासलं? पोलीस ठाण्यात गेले तर आधी हद्दीचा प्रश्न, मग साहेब राऊंडला, मग स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का नाही म्हणून परत, मग "एवढ्याशा रकमेचं काय, इथे लोकांचे पन्नास-पन्नास लाख जातात." एवढ्याशा! झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवायची तक्रार, कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते, नवीन कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे, हे मी तिथे बोलले तर हवालदार माझ्याकडे असा बघायला लागला की चोरी मीच केलीय. वर "शिकलेली माणसं तुम्ही" हे सगळ्यांनी ऐकवलं, एकानेही चोराबद्दल शब्द काढला नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर बोलणारी मुलगी निदान नीट बोलली, पण ज्याचा खरा पत्ताच नाही त्याला नोटीस कुठे पाठवणार.

सगळं करून त्या खात्यात २,३१० रुपये गोठवलेत. तेही अजून माझ्या हातात आलेले नाहीत. बाकीचे त्याच दिवशी पुढच्या खात्यांत गेले. तक्रारीला उशीर करू नका म्हणतात ते यासाठीच, पहिले काही तास गेले की उरत नाही काही.

सगळ्यात वाईट गोष्ट मात्र पैशांची नाही. नावं कोरायची म्हणून मी त्याला एक्सेल पाठवली होती, पूर्ण नाव, कॉलेज, मोबाइल नंबर, "डिलिव्हरीसाठी" पत्ते. आता मुलांना फोन येतायत, डिग्री सर्टिफिकेटचं व्हेरिफिकेशन बाकी आहे, फी भरा. नाव बरोबर, कॉलेज बरोबर, वर्ष बरोबर, पोरांना खरंच वाटणार ना! एकाने ९९९ भरले पण. त्याची आई माझ्याशी बोलत नाही. पोरांनो, विद्यापीठाने डिग्री डिजिलॉकरवर, म्हणजे कागदपत्रांच्या सरकारी अॅपवर, टाकलेली असेल तर ती तिथे फुकट दिसते, असल्या फोनवर कोणालाही काही भरू नका, आणि ओटीपी तर आईलाही सांगू नका.

ज्यांना गिफ्ट बनवून घ्यायचीच आहेत त्यांनी फक्त पहिली नावं द्या, नंबर आणि पत्ता एकाचाच, माल एकाच घरी मागवा. जमलं तर ज्याच्या दुकानात जाऊन उभं राहता येईल अशाकडेच द्या, चाळीस रुपये जास्त गेले तरी चालतील.

पार्टी झाली. पेनांऐवजी आम्ही घाईत पुस्तकं आणून वाटली, ते पैसे मी आणि नवऱ्याने घातले, बाकीचेही हप्त्याने ग्रुपला परत करतोय. ते पेज नाव बदलून अजून चालू आहे, रिपोर्ट करूनही. तुमचेही असेच गेले असतील तर लाजून बसू नका, यूटीआर नंबर (पेमेंटच्या व्यवहाराचा क्रमांक), ज्या यूपीआय आयडीवर पाठवले तो आयडी आणि चॅटचे स्क्रीनशॉट घेऊन पोर्टलवर तक्रार टाका, चॅट डिलीट करू नका. एका खात्यावर बऱ्याच तक्रारी पडल्या तर निदान "एवढीशी रक्कम" म्हणायला त्यांना जागा राहणार नाही.