जुन्या जिप्सीचा क्लच: घरी उतरवावा की गॅरेजला द्यावा?

क्लच गेला की पहिला प्रश्न पैशाचा येतो. मला वाटतं पहिला प्रश्न वेगळा असायला हवा: तुमच्या गाडीचा गिअरबॉक्स खाली उतरतो कसा? क्लच प्लेट बदलणं हे अर्ध्या तासाचं काम. बाकी सगळी मेहनत तिथपर्यंत पोहोचण्याची आणि गिअरबॉक्स परत जागेवर चढवण्याची.

माझ्याकडे मारुतीची जुनी जिप्सी आहे, १.३ लिटर पेट्रोल इंजिनची. तिचा क्लच मी एकदा गॅरेजमध्ये बदलून घेतला आणि एकदा नागपूरजवळ बेसाच्या घरी, पोर्चमध्ये स्वतः बदलला. दोन्ही अनुभव घेऊन हे लिहितो आहे.

पण आधी क्लच खरंच गेला आहे का ते पाहा. जिप्सीचा क्लच केबलवर चालतो. आपल्याकडच्या काळ्या मातीच्या चिखलातून पावसाळाभर गाडी फिरली की केबल गंजते, तार एकेक करून तुटते आणि गिअर पडेनासा होतो. केबल बदलली किंवा खालच्या नटावर तिची ढील नीट केली की काम भागतं. प्लेट घसरते आहे का हे पाहायला मोकळ्या जागी, समोर कोणी नसताना, हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका आणि थोडा रेस देत पेडल सावकाश सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच धरतो आहे. चालूच राहिलं तर प्लेट घसरते आहे. ही परीक्षा एकदाच करा, दोनदा फार झालं, प्लेट तापते.

आता गाडीचा फरक. जिप्सीत ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी, गिअरबॉक्सला चिकटलेला नाही. तो मागे वेगळा बसवलेला आहे आणि मध्ये एक छोटा शाफ्ट आहे. त्यामुळे तो शाफ्ट काढला की एकटा गिअरबॉक्स खाली येतो. दोन माणसं आणि एक ट्रॉली जॅक एवढ्यावर तो सांभाळता येतो. महिंद्राची जुनी जीप किंवा एमएम ५४० असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ट्रान्सफर केस गिअरबॉक्सच्या पाठीला थेट बोल्टने जोडलेला असतो आणि दोन्ही एकत्र उतरवावे लागतात. वजन भारी, आणि ते एका बाजूला कलतं. आतून फ्लोअरची प्लेट काढून वरून हात घालता येतो ही त्या गाडीची मोठी सोय, पण चेन कुप्पी (वजन उचलायची साखळीची कप्पी) नसेल तर जीप असलेल्याने हे काम घरी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय जुन्या जीपमध्ये इंची बोल्ट निघतात. जिप्सीचं बहुतेक काम १०, १२, १४ आणि १७ च्या पान्यांत होतं.

गॅरेजच्या बाजूने बोलायचं तर वेळ. सकाळी गाडी दिली, संध्याकाळी मिळाली. लिफ्ट किंवा खड्डा असतो, मिस्त्रीचा हात बसलेला असतो, एखादा बोल्ट तुटला तर वेल्डिंगवाला शेजारीच. मला घरी दोन शनिवार-रविवार लागले, आणि मधला आठवडा गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उभी होती. घरात दुसरी गाडी नसेल तर हा हिशोब आधी करा.

मात्र गॅरेजमध्ये मला जे खटकलं ते घाईचं. प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, पेडल दाबल्यावर ती सोडवणारं रिलीज बेअरिंग, सगळं नवं पडलं आणि चार महिन्यांत क्लच पुन्हा घसरायला लागला. परत गेलो तेव्हा ऐकायला मिळालं, "भाऊ, प्लेट तर नवीच टाकली होती, सील कायले उघडायचं?" त्या माणसाची नियत वाईट होती असं मी म्हणणार नाही. त्याच्या दारात आणखी पाच गाड्या उभ्या होत्या.

दुसऱ्या वेळी घरी उघडलं तेव्हा कारण डोळ्यांसमोर होतं. प्लेटचं अस्तर जाड होतं, ते धरून ठेवणाऱ्या खिळ्यांपासून (रिव्हेटपासून) बरंच वर. म्हणजे ती झिजलेली नव्हतीच. पण बोट फिरवलं तर काळं, चिकट तेल बोटाला आलं. असं तेल दिसलं की ते कुठून आलं हे ओळखायला शिका. पातळ आणि काळं असेल तर इंजिनचं, म्हणजे क्रँकचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) मागचं, तेल अडवणारं सील गेलेलं. फ्लायव्हील, म्हणजे प्लेट ज्यावर टेकते ते इंजिनचं जड चाक, काढल्यावर त्याची पाठ ओली दिसते. घट्ट, गंधकासारख्या उग्र वासाचं असेल तर गिअर ऑइल, म्हणजे गिअरबॉक्सचं पुढचं सील. माझं क्रँकचं होतं. प्लेटच्या मानाने सीलची किंमत किरकोळ, पण ते बदलायला पुन्हा सगळं उतरवावं लागतं. म्हणून एकदा गिअरबॉक्स खाली आला की दोन्ही सीलं, रिलीज बेअरिंग आणि शाफ्टचं टोक ज्यात बसतं ते पायलट बेअरिंग बदलूनच वर चढवायचा. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा केसासारख्या भेगा आहेत का पाहा. माझं मी हिंगणा एमआयडीसीत लेथवर साफ करून आणलं.

घरी करणार असाल तर सगळ्यात जास्त संयम लागतो तो शेवटच्या अर्ध्या इंचाला. गिअरबॉक्स जॅकवर चढतो, त्याचा पुढचा शाफ्ट (इनपुट शाफ्ट) प्लेटमध्ये शिरतो आणि बेल हाउसिंग, म्हणजे क्लचवरचं घंटेसारखं कवच, इंजिनला टेकायच्या जरा आधी अडतो. तेव्हा मोह होतो की बोल्ट लावून आवळून ओढून घ्यावं. तसं केलंत तर प्लेटचा मधला भाग वाकतो किंवा हाउसिंगचा कान तुटतो. प्लेट आधीच मध्यावर बसवलेली हवी. त्यासाठी जुना इनपुट शाफ्ट मिळाला तर उत्तम, नाहीतर त्या मापाचा लाकडी दांडा तासून घ्या. तरीही अडलं तर गिअरबॉक्स चौथ्या गिअरमध्ये टाका आणि मागची फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) हाताने किंचित फिरवत पुढे ढकला. खाचा जुळल्या की तो आपोआप सरकतो. मी आणि माझा मेव्हणा पाऊण तास तिथेच होतो. सरकला तेव्हा जो 'टक' आवाज आला तो अजून आठवतो.

दोन गोष्टींत तडजोड नको. गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली शिरू नका. पक्क्या फरशीवर, चार घोड्यांवर, उचलताना चाकांना लाकूड लावून, आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढून. अंगण मातीचं असेल तर गाडी गॅरेजलाच द्या. दुसरं, बेल हाउसिंगमधली धूळ फुंकून किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला मास्क बांधा.

ऋतूचाही विचार करा. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा पत्र्याच्या शेडखाली आडवं पडून पाना धरवत नाही. दिवाळी ते होळी हाच काळ.

तिसरा मार्गही आहे आणि बऱ्याच जणांना मी तोच सुचवतो. पार्ट स्वतः नागपूरच्या घाट रोडवरून घ्या, सीलं-बेअरिंगांसह, आणि गॅरेजला फक्त मजुरी ठरवून द्या. गिअरबॉक्स खाली आल्यावर बोलवायला सांगा आणि प्लेट हातात घेऊन पाहा. सील बदलण्याची मजुरी आधीच बोलून घेतली की मिस्त्रीही ते काम मनापासून करतो. जीपवाल्यांनी हाच मार्ग धरावा. जिप्सीवाल्यांकडे फरशी, सोबती आणि दोन मोकळे शनिवार-रविवार असतील तर घरी करावं.

आणि रानात, पेंचच्या जंगलात सिल्लारीकडच्या एखाद्या कच्च्या रस्त्यावर, क्लच घसरायला लागला तर जिप्सी फोर लोमध्ये (चारही चाकांना जोर देणाऱ्या हळू गिअरमध्ये) टाका. क्लचवरचा भार कमी होतो आणि डांबरापर्यंत गाडी येते. डांबरी रस्त्यावर मात्र फोर लो काढा, आणि गाडी ओढून न्यायची झाली तर ट्रान्सफर केस न्यूट्रलला ठेवा.