ईएमआय म्हणून सही घेतात, निघतं कर्ज: एमबीएचा क्लास लावण्याआधी

जून उजाडला की दादर, अंधेरी, ठाणे, बोरिवली स्टेशनबाहेर एमबीए प्रवेशाच्या क्लासचे फ्लेक्स लागतात. टीवायचा, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाचा, निकाल नुकताच लागलेला असतो आणि कॅट, म्हणजे आयआयएमसारख्या संस्थांची एमबीए प्रवेश परीक्षा, असते नोव्हेंबरच्या शेवटाला, म्हणजे हातात जेमतेम पाच महिने. या घाईत मुलं फसतात. ही फसवणूक शिकवण्यात कमी आणि फी घेण्यात जास्त होते. वाईट शिकवणारा क्लास सोडता येतो, पण सोडताना पदरात काय उरेल हे पैसे कोणत्या वाटेने गेले त्यावर ठरतं.

प्रकार साधारण असा घडतो. मुलगी चौकशीला जाते. आधी अर्ध्या तासाची ‘डायग्नॉस्टिक टेस्ट’ देतात. तिच्यात डीआयएलआरचे (तक्ते-आलेख आणि तर्काच्या कोड्यांचा विभाग) असे दोन सेट असतात की वर्षभर तयारी केलेल्यालाही तेवढा वेळ पुरू नये. निकाल येतो ३५ पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातले ३५ जणच तुमच्या मागे. ती टेस्ट किती जणांनी दिली, हे पर्सेंटाइल कोणाच्या तुलनेत काढलं, याचा कुठे पत्ता नसतो. (मागच्या वर्षांचे कॅटचे पेपर उत्तरांसकट फुकट मिळतात. २०२४ चा पेपर ६८ प्रश्नांचा होता, प्रत्येक विभागाला ४० मिनिटं. चौकशीला जायच्या आधी घरी घड्याळ लावून तो सोडवा. आपण कुठे आहोत ते त्यातून खरं कळतं आणि कोणी घाबरवलं तरी घाबरायला होत नाही.) मग काउन्सेलर सांगतो, बेस कच्चा आहे, पण स्कॉलरशिपमध्ये ४० टक्के सूट बसतेय, फक्त आजच्यापुरती. एक लाखाची फी साठ हजार होते. त्यावर १८ टक्के जीएसटीचे १०,८०० धरून झाले ७०,८००. ‘एकदम कशाला भरताय, महिन्याला ५,९०० चा हप्ता करून देतो, बारा महिने, व्याज शून्य.’

इथे नीट लक्ष द्या. टेबलावर टॅब येतो. पॅन नंबर, आधारचा ओटीपी, टॅबसमोर एक सेल्फी, मग बँक खात्याचा नंबर आणि आणखी दोन ओटीपी. स्क्रीन काउन्सेलरच वर सरकवत जातो, ‘मान्य आहे’च्या चौकटीत टिकही तोच करतो. मुलीने फक्त मोबाइलवर आलेले आकडे वाचून दाखवायचे. पाचेक मिनिटांत काम उरकतं. यातला पहिला ओटीपी केवायसीचा, दुसरा कर्जाच्या करारावरच्या सहीचा आणि तिसरा ई-मँडेटचा, म्हणजे दर महिन्याला खात्यातून पैसे आपोआप वळते करायची परवानगी. मुलीला पगार नसेल तर हेच सगळं आईच्या किंवा वडिलांच्या पॅनवर होतं. परतीच्या लोकलमध्ये मेसेज येतो, त्यात ‘लोन अकाउंट नंबर’ असे शब्द असतात. बहुतेक जण तो जाहिरात समजून सोडून देतात.

क्लासला हप्त्याने फी देण्याचा हा व्यवहार नव्हताच. एका वित्त कंपनीने त्या मुलीच्या नावावर कर्ज मंजूर केलं आणि ते थेट क्लासच्या खात्यात जमा केलं. व्याजाची रक्कम क्लासने आपल्या वाट्यातून सोडली, म्हणून ते ‘शून्य’. क्लासची फी पहिल्याच आठवड्यात वसूल झाली. गणपतीनंतर अंधेरीची बॅच बोरिवलीत मिसळली, डेमोला शिकवणारे सर दिसेनासे झाले, वर्गाच्या जागी रेकॉर्डिंगच्या लिंक यायला लागल्या, तरी ठरल्या तारखेला ५,९०० कापले जाणारच. वित्त कंपनीला विचारलं तर ती म्हणते शिकवणं हा आमचा विषय नाही. क्लास म्हणतो हप्ता आमच्याकडे येतच नाही. रागाने खात्यातली शिल्लक काढून घेतली तर बाउन्सचा दंड लागतो आणि थकबाकी सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, चढते. पुढे एमबीएच्या खऱ्या शैक्षणिक कर्जासाठी बँकेत गेल्यावर तीच नोंद आडवी येते. क्लास फसवतो आणि डाग मुलाच्या नावावर बसतो, याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

म्हणून एकच प्रश्न आधी विचारा: हप्ता तुमच्या खात्यात जाणार की फायनान्सच्या? फायनान्सच्या असं उत्तर आलं तर ओटीपी सांगायच्या आधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. डिजिटल कर्जासाठी हे पत्रक देणं रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून बंधनकारक केलं आहे. कर्जाची रक्कम, वार्षिक खर्चाचा दर, दंड आणि कूलिंग-ऑफची मुदत (कर्ज दंडाशिवाय रद्द करता येण्याचे सुरुवातीचे दिवस) त्यात लिहिलेली असते. टॅब स्वतःच्या हातात घेऊन वाचा, वाचू दिला नाही तर उठा. शक्य असेल तर सरळ क्लासच्या खात्यावर तीन भागांत फी देण्याचं ठरवा: पहिला भाग प्रवेशाला, दुसरा ऑगस्टअखेर, तिसरा ऑक्टोबरात मॉक, म्हणजे सराव परीक्षा, सुरू असताना. एवढ्या फीला क्लास सहसा ‘असं चालत नाही’ म्हणतात, पण सूट थोडी सोडायची तयारी दाखवली की पुष्कळ ठिकाणी मान्य करतात. सहा-सात हजार जास्त गेले तरी चालतील, पण उरलेली फी आपल्या हातात राहिली पाहिजे.

सूट हीसुद्धा सापळ्याचाच भाग असते, आणि ते क्लास सोडताना कळतं. समजा १०० पैकी ३० लेक्चर झाल्यावर मुलाने क्लास सोडला. भरलेल्या साठ हजारांचे ७० टक्के, म्हणजे ४२,००० परत मिळायला हवेत. क्लासचा हिशेब निराळा निघतो: नोंदणी १५,००० ना-परतावा, पुस्तकं १२,०००, आणि सोडून गेलात म्हणून सूट रद्द, तेव्हा ३० लेक्चर एक लाखाच्या दराने, म्हणजे ३०,०००. बेरीज ५७,०००. हातावर ठेवतात ३,०००, आणि जीएसटी परत मिळत नाही म्हणून सांगतात. फॉर्मच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात हे सगळं असतं, त्यामुळे सही करायच्या आधी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा. ‘परतावा प्रत्यक्ष भरलेल्या रकमेवर मोजला जाईल’ हे एक वाक्य त्याच पानावर पेनाने लिहून घ्या, खाली शिक्का आणि सही. तोंडी सांगितलेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा ते जास्त कामाला येतं.

पावतीवरचं नाव पाहायला विसरू नका. दारावर मोठ्या ब्रँडचा बोर्ड असतो आणि पावती फाडलेली असते कुठल्या तरी ‘एज्युकेशन सर्व्हिसेस’च्या नावाने, म्हणजे शाखा फ्रँचायझीची आहे. तिचं शटर पडलं की मुख्य कंपनी हात वर करते. पावतीवर जीएसटी क्रमांक मागा. तो १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की नोंदणी कोणाची आहे ते दिसतं. बोर्डावरचं नाव आणि नोंदणीचं नाव जुळत नसेल तर ‘शाखा बंद झाल्यास जबाबदारी मुख्य कंपनीची’ असं ईमेलवर लिहून मागा. काउन्सेलरचं व्हॉट्सअ‍ॅप पुरेसं नाही, कारण दिवाळीपर्यंत तो नोकरी सोडून गेलेला असतो.

फ्लेक्सवरच्या चेहऱ्यांबद्दल थोडक्यात. कॅट २०२४ ला सुमारे २ लाख ९३ हजार मुलं बसली आणि १०० पर्सेंटाइल मिळाले १४ जणांना. ९९ च्या वर अख्ख्या देशात साधारण २,९०० मुलं येतात. आता दादर ते ठाणे सगळ्या क्लासच्या दाव्यांची बेरीज करून पाहा. त्यातल्या अनेकांनी त्या क्लासची फक्त मॉक सिरीज किंवा इंटरव्ह्यूचं दोन दिवसांचं सत्र घेतलेलं असतं. काहींचे ९९ एकाच विभागातले असतात, एकूण स्कोअर ८८. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो लावताना त्याने कोणता कोर्स किती काळ केला आणि तो सशुल्क होता का, हे जाहिरातीत सांगावं लागतं. निवडीची खोटी हमी देता येत नाही. फ्लेक्सवर हे नसेल तर काउंटरवर विचारा.

‘९५ पर्सेंटाइल न आल्यास पैसे परत’ ही हमी अटींवर उभी असते. हजेरी ९० टक्के, चाळीसच्या चाळीस मॉक दिलेल्या तारखेलाच, सगळे असाइनमेंट वेळेत, निकालानंतर सात दिवसांत अर्ज. नोकरी करणाऱ्याची एक मॉक ऑफिसच्या शिफ्टमुळे चुकली की हमी तिथेच संपली.

कॅट अधिक सीईटीच्या (राज्याची एमबीए प्रवेश परीक्षा) ‘कॉम्बो’मध्ये मुंबईची मुलं सर्वांत जास्त नाडली जातात, कारण जमनालाल बजाज किंवा सिडनहॅम या मुंबईतल्या एमबीए संस्थांकडे डोळे लावून बसलेल्यांना खरी गरज सीईटीचीच असते. ती परीक्षाच वेगळी आहे: १५० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ४५ सेकंद, आणि चुकीला गुण कापत नाहीत. अ‍ॅबस्ट्रॅक्ट रीझनिंगचे २५ प्रश्न आकृत्यांचे असतात, जे कॅटमध्ये येतच नाहीत. ‘कॅटची तयारी केली की सीईटी त्यात आलीच’ हे वाक्य ऐकलं की विचारा: आकृत्यांची किती लेक्चर, पूर्ण २०० प्रश्नांच्या किती मॉक, आणि लॉगिन कधीपर्यंत चालू? बऱ्याच करारांत मुदत ३१ डिसेंबर असते. सीईटी होते मार्च-एप्रिलमध्ये. ऐन तयारीच्या वेळी पोर्टल बंद होतं आणि ‘एक्स्टेन्शन’चे वेगळे पैसे मागतात.

सही होऊन गेली असेल तर आधी तारीख बघा. कूलिंग-ऑफची मुदत संपली नसेल तर त्याच दिवशी वित्त कंपनीला ईमेल करा. मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय कर्ज रद्द करता येतं. अडचण अशी की मुद्दल क्लासकडे गेलेलं असतं, म्हणून त्याच ईमेलमध्ये क्लासलाही प्रत लावा आणि रक्कम कंपनीकडे परत पाठवायला सांगा. मुदत टळली असेल तर प्रवेश रद्द केल्याचा ईमेल क्लासला लगेच पाठवा, त्यात शेवटच्या हजेरीची तारीख लिहा, कारण परताव्याचा हिशेब तिथून धरला जातो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या सूचनांमध्ये उरलेल्या काळाची फी प्रमाणात १० दिवसांत परत करावी असं म्हटलं आहे. तो कायदा नव्हे, तरी ईमेलमध्ये उल्लेख करा. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. वित्त कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील लागतोच असं नाही. हे चालू असेपर्यंत हप्ते भरत राहा, प्रत्येक हप्त्यानंतर ‘हरकत नोंदवून भरत आहे’ असा एका ओळीचा ईमेल कंपनीला पाठवा, आणि क्लासचं लॉगिन बंद होण्याआधी हजेरीच्या पानाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. प्रवेश रद्द केला की ते पान सर्वांत आधी गायब होतं.