डीओएजे: पेपर पाठवण्याआधी इथे डोकावा

आमच्या सांगलीच्या कॉलेजात पीएचडीच्या मुलांना मी सध्या एकच वेबसाइट उघडायला लावते: डीओएजे, म्हणजे 'डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस जर्नल्स', मुक्त प्रवेशाच्या (कुणालाही ऑनलाइन फुकट वाचता येणाऱ्या) संशोधन नियतकालिकांची यादी. फेब्रुवारी 2025मध्ये यूजीसीने केअर यादी, म्हणजे मान्य संशोधन नियतकालिकांची आपली यादी, बंद केली. आता नियतकालिक पारखायचं काम संस्थांवर आलंय. त्यात 'चार दिवसांत पेपर छापून देतो'चे व्हॉट्सॲप मेसेज. हळद बाजारावर लिहिणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीने अशा एकाला समीक्षक कोण विचारलं, तर उत्तरात क्यूआर कोड आला!

डीओएजे 2003पासून चालू आहे, फुकट आहे. मला भावलं ते म्हणजे निकष उघड मांडलेत. आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) नोंदलेला हवा, संपादकांची नावं संस्थेसकट दिसायला हवीत, लेखाला निदान दोन स्वतंत्र समीक्षक हवेत. लेखकाकडून शुल्क घेत नसलं तरी तसं लिहायलाच हवं. कोणतं नियतकालिक यादीतून का काढलं, तेही कारणासकट सापडतं. असला हिशोब कोण देतो हो?

उणीव एकच, पण मोठी: इथे फक्त मुक्त प्रवेशाची नियतकालिकं. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'सारखं वर्गणीचं नियतकालिक शोधत बसू नका.

पाचपैकी चार तारे. शोधताना आयएसएसएन टाका, नुसत्या नावावर जाऊ नका. सारख्या नावांची नियतकालिकं ढीगभर आहेत.